मान हिसकली तर मालिश नको

गळिताच्या दिवसांत रस्त्यावर ऊसगाड्यांची दाटी असते. मोटारीला मागून धडक बसली की मान हिसकते. पुष्कळदा त्या दिवशी काही जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी मान आखडते. मग मंडळी मान मोडून घ्यायला निघतात, हे आम्ही पाहतो. बैलाची मान सुजली तर आपण जू ठेवत नाही! मणका सरकला असल्यास चोळण्याने मज्जारज्जू दबून हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. आधी डॉक्टरांना दाखवा. हातापायांना मुंग्या, बधिरपणा आला किंवा लघवी अडली तर तासभरही थांबू नका. अपघातस्थळी जखमीला ओढून बसवू नका. आगीचा धोका नसेल तर डोके-मान आहे तशी स्थिर धरा, १०८ ला फोन लावा. पोलिसांचा ससेमिरा लागेल म्हणून भिऊ नका, मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने संरक्षण दिले आहे.