‘मीडिया ऑफलाइन’ आलं की फोन कुणाला जातो?

बारावीनंतर ‘मला व्हिडिओ एडिटिंग करायचंय’ असं मुलाने किंवा मुलीने जाहीर केलं की घरात दोन प्रश्न उभे राहतात. यात पैसा आहे का, आणि लॅपटॉप केवढ्याचा घ्यायचा? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: एवढ्यात महागडा घेऊ नका. पहिल्याला जरा वेळ लागेल, कारण एडिटरच्या खुर्चीसाठी रांग मोठी आहे आणि फोनवर रील कापणारं प्रत्येक पोर त्या रांगेत उभं आहे. त्या खुर्चीमागे मात्र एक काम असतं, ज्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. फुटेज उतरवून घेणं, सांभाळणं, मागितलं की काढून देणं, आणि सॉफ्टवेअर अडलं की ते का अडलं हे हुडकणं. अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंत हे काम असिस्टंट एडिटर, डीआयटी (डिजिटल इमेजिंग टेक्निशियन) किंवा मीडिया मॅनेजरकडे असतं. वृत्तवाहिन्यांत ते इन्जेस्ट, लायब्ररी किंवा ‘मॅम’ विभागाकडे जातं. मॅम म्हणजे मीडिया अ‍ॅसेट मॅनेजमेंट: कोणतं फुटेज कुठे आहे, कुणाचं आहे, पुन्हा वापरता येईल का, याची नोंद ठेवणारी यंत्रणा.

एक नेहमीची भानगड सांगतो. एडिटर सकाळी प्रोजेक्ट उघडतो आणि टाइमलाइनभर लाल पाट्या: मीडिया ऑफलाइन. निर्मात्याच्या पोटात गोळा येतो, त्याला वाटतं फुटेज उडालं. बहुतेक वेळा काहीच उडालेलं नसतं. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये चित्र नसतंच, ते कुठे ठेवलंय त्याचा पत्ता असतो. काल हार्ड डिस्क विंडोजवर ‘ई’ ड्राइव्ह म्हणून दिसत होती, आज दुसरं काही आधी लावलं म्हणून ती ‘एफ’ झाली, की पत्ता चुकला. नवा पत्ता दाखवला, म्हणजे रीलिंक केलं, की चित्र परत येतं. इथपर्यंत कुणीही यूट्यूब बघून करेल. खरी गोम पुढे आहे. सोनीचे कित्येक कॅमेरे क्लिपांना सी०००१, सी०००२ अशी नावं देतात आणि नवं कार्ड घातलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. एकाच नावाच्या चार फाइली चार फोल्डरांत पडलेल्या असतील, तर घाईत केलेल्या रीलिंकमध्ये भलतीच फाइल जोडली जाते. लाल पाट्या गेल्या म्हणून सगळे खूश, आणि सरपंचांच्या मुलाखतीत मधेच उसाचा फड. म्हणून जाणती माणसं फुटेज उतरवतानाच तारीख, कॅमेरा आणि कार्डाचा क्रमांक घातलेली फोल्डरं करतात, आणि रीलिंकनंतर टाइमकोड ताडून बघतात.

दुसरी तक्रार ओठ आणि आवाज जुळत नसल्याची. नवखा मुलगा लगेच आवाज पुढेमागे सरकवायला लागतो. मुरलेला आधी विचारतो, अंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखंच आहे की वाढत जातंय? सारखं असेल तर सरकवलं की झालं. वाढत जात असेल तर दोष वेगात आहे. बरेच फोन सेकंदाला ३० फ्रेम म्हणतात खरे, पण प्रत्यक्षात तो आकडा कमीजास्त होत राहतो. असं फुटेज आधी स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्यावं लागतं. नाहीतर २४ आणि २३.९७६ यांची गल्लत झालेली असते. फरक हजारात एकाचा, पण तासाभरात तो ३.६ सेकंदांवर जातो. हा हिशेब सातवीच्या गणिताचा आहे. अवघड आहे ती सवय, हात घालण्याआधी बिघाडाची चाल बघण्याची.

एक्स्पोर्ट अर्ध्यावर बंद पडत असेल तर टाइमलाइनचे दोन भाग करून वेगवेगळे एक्स्पोर्ट करायचे. जो भाग अडेल त्याचे पुन्हा दोन. तासाभराची टाइमलाइन असली तरी पाच-सहा फेऱ्यांत गुन्हेगार क्लिप किंवा इफेक्ट मिनिटभराच्या टप्प्यात येतो. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कॅशे साफ केला, ड्रायव्हर बदलला आणि सॉफ्टवेअरही अपडेट केलं, तर दुरुस्ती कशाने झाली हे कधीच कळत नाही. (आणि प्रोजेक्ट चालू असताना सॉफ्टवेअर अपडेट करणाऱ्याला स्टुडिओत चहा मिळत नाही.)

कधी दोष सॉफ्टवेअरात नसतोच. प्रोरेस ४२२ एचक्यू या फॉरमॅटमधलं २५ फ्रेमचं फोर-के चित्र सेकंदाला सुमारे ७३७ मेगाबिट मागतं. सर्व्हरला जोडलेली गिगाबिट तार जेमतेम हजार देते. एक एडिटर बसला की ठीक, दुसरा बसला की दोघांचंही चित्र अडखळतं. एका नळाखाली दोन बादल्या लावल्यावर दुसरं काय होणार? अशा वेळी मालक नवं ग्राफिक्स कार्ड आणायला निघतो. त्याला थांबवून प्रॉक्सी, म्हणजे हलक्या वजनाच्या प्रती, करून देणारा माणूस कामाचा.

मराठीत काम करणाऱ्यांपुढे याखेरीज आपले खास प्रश्न आहेत. प्रीमियरच्या जुन्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिपीचं इंजिन निवडलं नाही तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलत्याच ठिकाणी जाऊन बसते. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर युनिकोड फॉन्टात आणला की त्याचा काला होतो. पण सर्वांत महागात पडते ती नोंदणी. वारीचं फुटेज दर आषाढात येतं. एका वर्षी कुणी रोमन लिपीत ‘डब्ल्यू’ने वारी लिहिलं, पुढच्या वर्षी ‘व्ही’ने, तिसऱ्याने नुसतंच ‘पंढरपूर शॉट्स’. सगळं सर्व्हरवर सुखरूप असतं, आणि बुलेटिनला दहा मिनिटं असताना सापडत काही नाही. नावांची एकच ठरलेली यादी करणं, देवनागरी आणि रोमन दोन्ही रूपं बांधून ठेवणं, आणि सगळ्यांना ती पाळायला लावणं हे मॅम सांभाळणाऱ्याचं काम. आता यंत्र आपणहून चेहरे ओळखतं, बोलणं लिहून काढतं. तरी त्याने ‘वाखरी’चं ‘वखारी’ केलं तर दुरुस्त करणाऱ्याला रिंगण कुठे होतं हे ठाऊक असावं लागतं. भाषा, भूगोल, इतिहास आवडणाऱ्या कला शाखेच्या मुलांनी इथे जरूर यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

या कामाची किंमत पिक्सारला १९९८ मध्ये कळली. ‘टॉय स्टोरी २’च्या फाइली चुकीच्या आज्ञेने पुसल्या जाऊ लागल्या, आणि बॅकअप घेणारी यंत्रणाही नीट चालत नव्हती हे तेव्हा लक्षात आलं. बाळंतपणामुळे घरून काम करणाऱ्या गॅलिन सुझमन यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, तिने चित्रपट बऱ्याच अंशी वाचवला. बॅकअप घेतला एवढं पुरत नाही, तो परत उघडून बघावा लागतो.

शिक्षणाचं म्हणाल, तर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये पदवीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन एडिटिंग शिकता येतं, पण जागा मोजक्या. खासगी क्लासला जाणार असाल तर भिंतीवर किती सॉफ्टवेअरांची नावं आहेत ते बघू नका. २०११ मध्ये ॲपलने फायनल कट प्रो एक्स आणलं तेव्हा त्यात आधीच्या आवृत्तीचे प्रोजेक्ट उघडत नव्हते, आणि त्यांचं मॅम सॉफ्टवेअर, फायनल कट सर्व्हर, त्याच वर्षी बंद झालं. बटणं पाठ केलेल्यांची पंचाईत झाली. टाइमकोड, कोडेक, स्टोरेज, फाइलींची शिस्त समजलेले दुसऱ्या सॉफ्टवेअरवर गेले. क्लासमध्ये विचारायचं ते एवढंच: बिघडलेला प्रोजेक्ट दुरुस्त करायला देता का? चोरीच्या सॉफ्टवेअरवर शिकवत असतील तर उठून या. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती सुरुवातीला भरपूर आहे.

पालकांना दोन गोष्टी उघड सांगायला हव्यात. रात्रपाळ्या असतात, आणि फ्रीलान्स कामाचे पैसे वेळेवर येतीलच असं नाही. वाहिनी, स्टुडिओ किंवा सॉफ्टवेअर-स्टोरेज पुरवणाऱ्या कंपनीचा सपोर्ट विभाग इथे महिन्याचा पगार असतो, म्हणून पहिली काही वर्षं तिथे काढलेली बरी. नाव पडद्यावर शेवटी, बारीक अक्षरांत येतं, तेही आलं तर.

मुलाचा कल पाहायचा असेल तर घरातल्या लग्नाचं फुटेज द्या, चार नातेवाइकांच्या चार फोनांतलं. त्याने ते एका चालीवर आणावं, नावं द्यावीत, दोन डिस्कवर ठेवावं. मग सहा महिन्यांनी कानपिळीचा शॉट मागा आणि त्याला तो काढून द्यायला किती वेळ लागतो ते बघा.