पाटी वाचा, मग पाऊल टाका

मुंबईला आपल्यापैकी पुष्कळांना जावं लागतं. कुणी दवाखान्यासाठी जातो. कुणी सरकारी कामासाठी जातो. कुणी लेकीला भेटायला जातो. शहर मोठं आहे, गर्दी फार आहे. पण भिण्याचं कारण नाही. स्टेशनांत जागोजागी पाट्या आहेत, आणि त्या मराठीतही आहेत. ज्याला वाचता येतं, त्याला पाटी वाट दाखवते.

एका जोडप्याची गोष्ट ऐका.

हे जोडपं सोलापूर जिल्ह्यातलं. कारभाऱ्यांच्या तोंडात जखम झाली होती. ती काही केल्या भरून येईना. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि चिठ्ठी दिली. "मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जा. उशीर करू नका," असं सांगितलं.

कारभाऱ्यांना अक्षरओळख नव्हती. पण तरुणपणी ते काही दिवस मुंबईत हमाली करून आले होते. ते म्हणाले, "मुंबई मला ठावं हाय. दादरला उतरायचं, गाडी बदलायची. पुढचं ठेसन परळ. त्यात काय अवघड?"

कारभारीण प्रौढांच्या वर्गात नुकतीच लिहा-वाचायला शिकली होती. निघायच्या आदल्या रात्री तिनं एका कागदावर चार गोष्टी लिहिल्या. रुग्णालयाचं नाव. उतरायचं स्टेशन. मुलाचा फोन नंबर. कारभाऱ्यांचा फोन नंबर. कागद तिनं कमरेच्या पिशवीत ठेवला. कारभारी हसले. "फोन माझ्या खिशात हाय की. कागद कशाला?"

दोघं कुर्डूवाडीला रात्रीच्या गाडीत बसली. सकाळी दादरला उतरली.

दादर हे मोठं स्टेशन आहे. तिथं मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे असे दोन मार्ग शेजारी शेजारी आहेत. पूर्वी दोन्हीकडे एक नंबरचा फलाट होता. माणसं चुकत. म्हणून डिसेंबर २०२३ पासून आकडे सलग केले आहेत. १ ते ७ हे फलाट पश्चिम रेल्वेचे. ८ पासून १४ पर्यंत मध्य रेल्वेचे. परळ मध्य रेल्वेवर आहे.

लोकल गाड्याही दोन तऱ्हेच्या असतात. धीमी गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते. जलद गाडी मोठ्या स्टेशनांवरच थांबते. दादरहून निघालेली जलद गाडी परळला थांबत नाही. ती एकदम भायखळ्याला थांबते.

कारभारणीनं खिडकीवर परळची दोन तिकिटं काढली. दोघं फलाटावर आली. तेवढ्यात लोकल आली. कारभारीण वर टांगलेला इंडिकेटर वाचू लागली. त्यावरची अक्षरं बदलत होती. कधी इंग्रजी, कधी मराठी. ती म्हणाली, "अहो, थांबा जरा. मला वाचू द्या."

"अगं, वाचत बसलीस तर गाडी जाईल!" असं म्हणून कारभारी गर्दीबरोबर आत शिरले. गाडी हलली. कारभारीण फलाटावरच राहिली. त्याच वेळी मराठी अक्षरं आली. गाडी जलद होती.

तिच्या पोटात गोळा आला. कागदपत्रं तिच्याजवळ, तिकिटं तिच्याजवळ. माणूस आजारी, आणि त्याला पाटी वाचता येत नाही. ती धावत्या गाडीमागं पळाली नाही. ते बरं केलं. मुंबईत दर दोन-चार मिनिटांनी गाडी येते. गेलेली गाडी पुन्हा मिळते, गेलेला जीव मिळत नाही.

फलाटावर एक महिला पोलीस उभी होती. कारभारणीनं तिला कागद दाखवला. "बाई, या नंबरावर एक फोन लावून द्या. मालक पुढं गेले."

फोन लागला. कारभारी घाबरले होते. "अगं, परळ आलंच न्हाई! गाडी थांबायचं नावच घेईना!"

ती म्हणाली, "ऐका. आता गाडी थांबेल ते भायखळा. तिथं उतरा. बाकावर बसून राहा. कुठं हलू नका. मी येते."

पोलीसबाई म्हणाली, "मावशी, आधी भायखळ्याचं तिकीट काढा. परळच्या तिकिटावर पुढं गेलात तर दंड भरावा लागेल."

कारभारणीनं तिकीट काढलं. धीमी गाडी आली. ती बायकांच्या डब्यात चढली. प्रत्येक स्टेशनाची पाटी तिनं वाचली. परळ. करी रोड. चिंचपोकळी. भायखळा. चौथ्या स्टेशनाला ती उतरली. पूल चढून पलीकडच्या फलाटावर गेली. कारभारी बाकावर बसले होते. दोन्ही हात मांडीवर, मान खाली. तिला पाहताच उठून उभे राहिले. काही बोलले नाहीत.

दोघांची परतीची तिकिटं काढून ती धीम्या गाडीनं मागं आली. परळ येताच तिनं पाटीकडं बोट केलं.

कारभाऱ्यांनी विचारलं, "हेच का? काय लिवलंय?"

"प, र, ळ. तीनच अक्षरं आहेत."

"पुन्यांदा म्हण."

तिनं पुन्हा म्हटलं. कारभारी पाटीकडं बघत राहिले.

त्याच दिवशी रुग्णालयात नाव नोंदलं. तपासणी झाली, उपचार सुरू झाले. पुढच्या खेपेला परळची पाटी आधी कारभाऱ्यांनीच ओळखली.

हे लक्षात ठेवा

१. गाडीत चढण्याआधी विचारा, "ही गाडी अमुक स्टेशनाला थांबेल का?" विचारण्यात लाज नाही.

२. काही स्टेशनांची नावं बदलली आहेत. लोक 'व्हीटी' म्हणतात, ते आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. जुने लोक 'एल्फिन्स्टन' म्हणतात, त्याचं नाव २०१८ साली प्रभादेवी झालं. मुंबई सेंट्रल हे वेगळं स्टेशन आहे.

३. लोकलमध्ये अपंगांसाठी वेगळा डबा असतो. कर्करोगाच्या रुग्णालाही त्यातून जाता येतं. रुग्णालयाचे कागद जवळ ठेवा.

४. रूळ ओलांडू नका. पुलावरून जा. रूळ ओलांडणं हा गुन्हा आहे, आणि त्यात जीव जातो.

५. चुकामूक झाली तर काय करायचं, ते घरीच ठरवा. पुढं गेलेल्यानं पुढच्या थांब्यावर उतरून तिथंच थांबावं. दोघंही शोधत फिरली तर भेट होत नाही.

६. रेल्वेच्या मदतीसाठी १३९ आणि संकटात ११२ हे नंबर लावा.

प्रश्न

१. कारभारी परळला का उतरू शकले नाहीत?

२. कारभारणीच्या कागदावर कोणत्या चार गोष्टी होत्या? त्यांतली कोणती कामाला आली?

३. तुम्हाला मुंबईला जायचं आहे असं समजा. तुमचा कागद तुमच्या हातानं लिहा. शेजाऱ्याला वाचायला द्या. त्याला वाचता आला, तर तो मुंबईतही वाचता येईल.