आजोबांच्या हातातील माउस

संगणकाच्या शेजारी असणाऱ्या छोट्याशा साधनाला ‘माउस’ म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. माउस म्हणजे उंदीर. उर्दूत आपण त्याला चूहा म्हणतो. अमेरिकेतील डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ साली पहिला माउस तयार झाला. तो लाकडी होता. त्याच्या तळाशी दोन चाके होती आणि वर एकच बटण होते.

तुमच्या हाताला माउसची सवय आहे. पण राहुरी तालुक्यातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्याची कल्पना करा. त्यांना आपल्या जमिनीचा सातबारा पाहायचा आहे. ‘महाभूलेख’ या शासनाच्या संकेतस्थळावर तो दिसतो. त्यावर आपले नाव आणि क्षेत्र बरोबर आहे ना, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आहे. ते माउस धरतात. हात थरथरतो, पडद्यावरील बाण भलतीकडेच जातो. तेवढ्यात नातू म्हणतो, “द्या इकडे दादाजान, मी करतो!” काम दोन मिनिटांत होते, पण दादाजान पुन्हा संगणकाजवळ येत नाहीत. पुढच्या वेळी आपल्याच जमिनीची माहिती त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते.

खरे तर इथे आजोबांना नव्हे, माउसला बदलायला हवे.

सर्वांत अवघड असते ते डबल क्लिक. विंडोज असलेल्या संगणकात बटणाचे दोन्ही ठोके साधारण अर्ध्या सेकंदात पडावे लागतात. शिवाय दोन ठोक्यांच्या मधे बाण जवळजवळ जागचा हलता कामा नये. म्हाताऱ्या बोटांना हे कसे जमावे? बटण दाबताना माउस किंचित सरकतो आणि उघडायची फाइल उघडण्याऐवजी दुसरीकडेच ओढली जाते. म्हणून ‘कंट्रोल पॅनेल’मध्ये जाऊन ‘माउस’ उघडा. तिथे डबल क्लिकचा वेग कमी करण्याची पट्टी असते. ती ‘स्लो’कडे सरकवा. त्याहून सोपा उपाय म्हणजे डबल क्लिकच टाळणे! फाइलवर एकदा क्लिक करावे आणि कीबोर्डवरील ‘एंटर’ दाबावे. फाइल उघडते. मला स्वतःला हाच उपाय सर्वांत आवडतो, कारण तो विंडोज असलेल्या कोणत्याही संगणकावर बसून लगेच वापरता येतो. आधी काही बदलावे लागत नाही.

त्याच ठिकाणी बाणाचा वेगही कमी करता येतो. वेग कमी असला की हाताच्या थरथरीने बाण फार दूर पळत नाही. बाण मोठा आणि काळा करता येतो. ‘कंट्रोल’ची कळ दाबली की बाणाभोवती वर्तुळ दिसावे, अशीही सोय आहे. मोतीबिंदू झालेल्या माणसाला तिचा फार उपयोग होतो. आजोबा डावखुरे असतील, तर दोन्ही बटणांच्या कामांची अदलाबदल करून द्या.

आता टेबलाकडे पाहा. काचेवर किंवा चकचकीत पृष्ठभागावर माउस नीट चालत नाही. त्याखाली साधी चटई किंवा वहीचा पुठ्ठा ठेवा. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर टेकलेला असावा. अधांतरी हात लवकर थकतो आणि अधिक थरथरतो. माउसची तार टेबलाच्या कडेला अडकून ताणली जात असेल, तर ती थोडी सैल सोडून चिकटपट्टीने बसवा.

एवढे करूनही जमले नाही, तर ‘ट्रॅकबॉल’ मिळतो. त्यात माउस जागेवरच राहतो. वरचा गोळा बोटांनी फिरवायचा असतो.

घरी किंवा शेजारी कोणी वृद्ध संगणकावर बसत असतील, तर त्यांची परवानगी घेऊन हे बदल करून पाहा. एका वेळी एकच बदल करा, आणि तो त्यांना सोयीचा वाटला का, ते विचारा. मूळ वेग कागदावर लिहून ठेवा, म्हणजे हवा तेव्हा परत आणता येईल. ते माउस चालवत असताना तुमचे हात मांडीवर ठेवा. सातबारा पाहायचा असेल, तर जिल्हा, तालुका, गाव त्यांनाच निवडू द्या. यादी लांब असली तर माउसवरचे चाक फिरवायला सांगा. पंधरा मिनिटे लागली तरी लागू द्या.