खडकाचें वाचन : जागेवर जाऊन शिकावयाचा एक पाठ

जमिनीचा वरचा हात-दीड हात भाग शेतकऱ्याच्या ओळखीचा असतो. काळी कोठें संपते, मुरमाड कोठें लागते, कोणत्या वाफ्यांत पाणी तुंबतें, हें त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु नांगराच्या फाळाखालीं जो खडक आहे, त्याच्याशीं त्याचा संबंध बहुधा विहीर खणतांनाच येतो; आणि तोही अशा वेळीं, कीं हातांत कर्जाऊ पैसा, शेतांत यंत्र उभें आणि विचारास अवकाश नाहीं. मग पाणाड्यानें नारळ फिरवून दाखविलेली जागा, किंवा शेजाऱ्याच्या विहिरीपासून मोजलेलीं पावलें, यांवर सारा भार पडतो. विहीर कोरडी निघाली म्हणजे दैवास बोल लावून आपण मोकळे होतों. खडक मात्र पूर्वींपासून तेथेंच असतो, आणि ज्यास वाचतां येतें त्यास तो बरेंच कांहीं सांगत असतो. तें वाचन शिकण्याची एक सोपी व अल्प खर्चाची रीत वाचकांपुढें ठेवावी, हा या लेखाचा हेतु आहे.

रीतीचा उगम

ही रीत एका खेळांतून निघाली. उपग्रहांच्या साह्यानें पृथ्वीवरील आपलें ठिकाण ठरविण्याची जी अमेरिकन योजना आहे, तिच्या नागरी उपयोगांत तेथील सरकार मुद्दाम चूक मिसळीत असे. त्यामुळें ठिकाण शंभर मीटरपर्यंत चुकूं शके. सन २००० च्या मे महिन्याच्या आरंभीं ही चूक काढून टाकण्यांत आली. लगेच ३ मे रोजीं ओरेगन संस्थानांत डेव्ह उल्मर या गृहस्थानें एक बादली रानांत ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. जो शोधील त्यानें आंतील एक वस्तु घ्यावी, आपली एक ठेवावी आणि वहींत नोंद करावी, असा नियम होता. यासच पुढें जिओकॅशिंग असें नांव पडलें व तो खेळ देशोदेशीं पसरला.

सन २००४ मध्यें जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका या भूशास्त्रज्ञांच्या संस्थेनें या खेळास शिक्षणाचें वळण दिलें. या नव्या प्रकारास अर्थकॅश म्हणतात. आपण त्यास 'भूपाठ' म्हणूं. भूपाठांत डबा नाहीं, पुरलेली वस्तु नाहीं, उचलून नेण्यासारखें कांहींच नाहीं. ती जागा हेंच धन, आणि तेथें मिळालेलें ज्ञान हाच लाभ. पाठ रचणारा चार गोष्टी करतो. तो जागेचे अक्षांश-रेखांश देतो. तेथें काय घडलें तें साध्या भाषेंत लिहितो. आवश्यक तेथें जमिनीच्या व्यवस्थापकाची परवानगी घेतो. आणि शेवटीं असे प्रश्न विचारतो, कीं ज्यांचीं उत्तरें तेथें जाऊन, पाहून व मोजूनच देतां यावींत. पाहुण्यानें तीं उत्तरें पाठ रचणाऱ्याकडे पाठवावयाचीं असतात.

या शेवटच्या अटींतच या रीतीचें सारें मर्म आहे. "लोणारच्या विवराचा व्यास किती?" हा वाईट प्रश्न होय, कारण त्याचें उत्तर घरीं बसून पुस्तकांत सांपडतें. "तुम्ही उभे आहां तेथून वर पाहतां कड्यांत किती थर दिसतात, आणि ओल कोणत्या थराच्या माथ्यावर आहे?" हा चांगला प्रश्न होय. पहिल्यानें स्मरणशक्ति वाढते. दुसऱ्यानें डोळा तयार होतो. शेतकऱ्यास गरज आहे ती दुसऱ्याची.

आपल्या पायांखालचा ग्रंथ

महाराष्ट्राच्या भूमीचा सुमारे चार-पंचमांश भाग एकाच जातीच्या खडकाचा आहे. त्यास दख्खन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे, आणि तो यथार्थ आहे. कारण आमच्या डोंगरांकडे दुरून पाहिलें असतां कडा, मग उतार, पुन्हा कडा अशा पायऱ्या स्पष्ट दिसतात. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीस पडलेल्या लांब भेगांतून तप्त शिलारस वारंवार बाहेर आला, पसरला व थिजला. असे थर एकावर एक सांचत गेले. सह्याद्रीकडे त्यांची एकूण जाडी फार मोठी असून पूर्वेकडे ती कमी होत जाते.

प्रत्येक थराचा माथा व पोट यांत भेद असतो, आणि विहिरीचें यशापयश पुष्कळ अंशीं या भेदावर अवलंबून असतें. थिजतांना शिलारसांतील वायु बुडबुड्यांच्या रूपानें वर चढला. म्हणून थराच्या माथ्याकडील खडक सच्छिद्र असतो. पुढें त्या छिद्रांत पांढरीं-हिरवीं खनिजें भरलीं. यास आपल्याकडे मांजऱ्या खडक म्हणतात. तो हवापाण्यानें कुजून भुसभुशीत झाला म्हणजे त्यांत पाणी राहतें. थराच्या पोटाकडील खडक घट्ट, काळा व जड. हाच आपला काळा पाषाण. याच्या अंगांत पाणी मुरत नाहीं. तें केवळ त्याच्या सांध्यांतून व भेगांतून वाहतें. सांधे दाट असतील तर काळ्या पाषाणांतही चांगली विहीर लागते, आणि ते नसतील तर शेंकडों फूट वेध घेऊनही धूळच वर येते. दोन थरांच्या मध्यें कित्येक ठिकाणीं विटेच्या रंगाचा तांबडा पट्टा असतो. एक रस थिजल्यावर दुसरा येईपर्यंत मध्यंतरीं जो काळ गेला, त्या काळांत खालच्या थराचा माथा कुजून बहुतेक ठिकाणीं हा पट्टा झाला. तो चिकणमातीसारखा असल्यानें वरून झिरपणारें पाणी त्याच्यावर अडतें व आडवें चालूं लागतें.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे पन्नास पावलांवरच्या दोन विहिरींपैकीं एक वैशाखांतही कां उपसते व दुसरी माघांत कां आटते, हें कोडें राहत नाहीं.

पाहण्याजोगीं तीन स्थळें

पहिलें स्थळ म्हणजे सह्याद्रींतील कोणताही घाटरस्ता. रस्त्यासाठीं कापलेल्या कड्यांत थर पुस्तकाच्या पानांप्रमाणें उघडे पडलेले असतात. आश्विन-कार्तिकांत, पाऊस थांबल्यावर, तेथें जावें. कडा बहुतेक वाळलेला असतां एखाद्या आडव्या रेषेवर ओल, शेवाळ किंवा हिरवें गवत दिसेल. ती रेषा तांबड्या पट्ट्याच्या माथ्यावर आहे, कीं मांजऱ्या व काळा पाषाण यांच्या सांध्यावर, हें पाहून लिहावें. आपल्या शिवारांतील झरा कोठून येतो, याचा उलगडा पुष्कळदां येथेंच होतो. मात्र वळणावर थांबूं नये, आणि ऐन पावसाळ्यांत कड्याखालीं उभें राहूं नये. त्या दिवसांत दरडी कोसळतात.

दुसरें स्थळ निघोज. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यांत, पुणें जिल्ह्याच्या सीमेवर, कुकडी नदीनें काळ्या पाषाणांत कोरलेले रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. नदीचें पाणी भोवऱ्यानें फिरतांना बरोबरचे गोटे खडकावर घासतें. लहान खळगा पडतो. गोटे त्यांतच अडकून फिरत राहतात, आणि कालांतरानें रांजण तयार होतो. येथें पाहुण्यानें खडकांतील भेगांची दिशा पाहावी, आणि खळग्यांच्या रांगा त्या दिशेनें गेल्या आहेत कीं नाहींत हें ताडून पाहावें. जेथें दगडांत सांधा तेथें पाण्यास वाट, हा विहिरीचा मुख्य सिद्धांत येथें उन्हांत उघडा पडलेला दिसतो. नदीस पाणी असतां कांठाजवळ जाऊं नये.

तिसरें स्थळ बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार. सुमारें १·८ किलोमीटर व्यासाचें हें विवर उल्केच्या आघातानें झालें, असें १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. आघातानें वितळलेली कांच व दबलेलीं खनिजें ही त्याची खूण. शेतकऱ्याने मात्र तेथें आणखी एक गोष्ट पाहावी. विवराच्या कांठावरील धारेचें पाणी गोडें आहे, आणि तळाच्या सरोवराचें पाणी अतिशय खारें व क्षारयुक्त आहे. गोडें पाणी आंत येतें, परंतु बाहेर पडण्यास वाट नाहीं. ऊन पाणी नेतें व क्षार मागें ठेवतें. हजारों वर्षें हाच हिशेब चालला आहे. कालव्याखालील काळ्या जमिनींत निचरा तुंबला म्हणजे आपल्याच शेतांत हेंच होतें, आणि चांगली जमीन चोपण बनते. ज्यानें लोणारच्या कांठीं उभें राहून हें पाहिलें, तो शेतांतील चर बुजूं देणार नाहीं.

सर्वांत मोठी शाळा : आपली विहीर

दूरचीं स्थळें डोळा तयार करण्यासाठीं. खरा पाठ गांवचाच. प्रत्येक गांवीं एकदोन तरी न बांधलेल्या जुन्या विहिरी असतात. त्यांचे उघडे कांठ म्हणजे त्या शिवाराचा उभा छेद होय. मंडळाच्या सभासदांनीं मालकाच्या संमतीनें अशा विहिरीचा भूपाठ तयार करावा. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश घ्यावेत, फुटाफुटावर गांठी मारलेला दोर वजन बांधून आंत सोडावा, आणि पुढील प्रश्नांचीं उत्तरें लिहावींत :

१. माती, मुरूम, मांजऱ्या व काळा पाषाण यांचे थर कोणत्या फुटापासून कोणत्या फुटापर्यंत आहेत?

२. तांबडा पट्टा दिसतो काय? दिसत असल्यास किती खोलीवर व किती जाड?

३. पाझर कोणत्या बाजूनें व कोणत्या थरांतून येतो?

४. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळा संपल्यावर पाण्याची पातळी किती फुटांवर असते?

५. शेजारच्या विहिरींत तोच थर किती खोलीवर लागतो? दोन्ही विहिरींच्या तोंडांच्या उंचींतील फरक जमेस धरून, थर कोणत्या बाजूस उतरता आहे?

पांचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. शिवारांतील आठदहा विहिरींची अशी नोंद एका कागदावर मांडली, कीं नवी विहीर कोठें घ्यावी याविषयीं अंदाज बांधण्यास आधार मिळतो, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या तज्ज्ञास बोलावलें तर त्याचेंही काम सुकर होतें. विहिरीवर पाहाणी करतांना कोणीही आंत उतरूं नये. वापरांत नसलेल्या विहिरींत दूषित वायु सांचून माणसें दगावतात. सर्व मोजणी वरूनच करावी.

एक हिशेब

या पाठाचा शेवट अंकांनीं करणें इष्ट आहे. कुजलेल्या किंवा सच्छिद्र, सांधे असलेल्या आपल्या खडकांतून उपसून मिळणारें पाणी त्याच्या आकारमानाच्या शेंकडा १ ते ३ भागच असतें. मध्यम प्रमाण २ धरूं. एक एकर म्हणजे सुमारें ४,०४७ चौरस मीटर. एका एकराखालील पाण्याची पातळी एक मीटर उतरली, तर ४,०४७ चे शेंकडा २, म्हणजे सुमारें ८१ घनमीटर पाणी मिळतें. आतां त्याच एकरास पांच सेंटिमीटर खोलीचें एकच भरणें द्यावयाचें झाल्यास सुमारें २०२ घनमीटर पाणी लागतें. अर्थात् त्या एका भरण्यासाठीं त्या एकराखालील पातळी अडीच मीटर उतरली पाहिजे. ज्या पिकास अशीं पंधरा-वीस भरणीं लागतात, तें पीक केवळ आपल्या एकराखालच्या पाण्यावर कसें निघेल? तें पाणी शेजाऱ्यांच्या शेतांखालूनच येत असतें.

म्हणून विहीर माझी असली तरी पाण्याचा थर सर्वांचा आहे, हें वाक्य उपदेशाचें नसून भूशास्त्राचें आहे. माझ्या विंधण-विहिरीनें शेजाऱ्याची विहीर आटते तेव्हां भांडण बांधावर दिसतें. त्याचें कारण मात्र बांधाखालच्या थरांत असतें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवानें शेतीसाठीं विंधण-विहिरी बंद ठेवून व दरवर्षीं पाण्याचा ताळेबंद मांडून पिकें ठरविण्याची वहिवाट घातली. असा निश्चय केवळ व्याख्यानानें टिकत नाहीं. ज्यांनीं आपला खडक स्वतः पाहिला व मोजला आहे त्यांच्यांतच तो टिकतो.

तेव्हां मंडळाच्या प्रत्येक शाखेनें येत्या हिवाळ्यांत एक सहल स्थळास व एक सहल आपल्या शिवारांत काढावी. बरोबर शाळेंतील मुलें घ्यावींत. दगड फोडूं नयेत, घरीं नेऊं नयेत. पुढच्या पाहुण्यासाठीं पाठ जसाचा तसा राहिला पाहिजे. दोर, वही, पेन्सिल व पाण्याचें भांडें एवढ्या साहित्यावर काम भागतें. मिळालेलीं उत्तरें ग्रामसभेंत वाचून दाखवावींत, आणि ती वही गांवच्या दप्तरीं ठेवावी. म्हणजे पुढची विहीर खणण्यापूर्वीं ती उघडून पाहतां येईल.