पोस्टडॉकसाठी वावर विकू नका

पेरणीच्या तोंडावर दरवर्षी किन्हीराजा, मालेगाव, शेलूबाजारकडून तेच फोन येतात. "सर, पोराची पीएचडी झाली, आता अमेरिकेला पाठवाचा आहे. किती भरा लागन? दोन एकर काढतो."

दोन एकर राहू द्या. पोस्टडॉक हा कोर्स नाही, पगारी नोकरी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2025 साठी नवख्या पोस्टडॉकचं किमान विद्यावेतन वर्षाला 62,232 डॉलर ठरवलं. बरीच विद्यापीठं हाच आकडा पायाभूत धरतात. व्हिसा-तिकिटाचा खर्च येतो, पण जागा मिळवून देतो म्हणून लाखो रुपये मागणारा एजंट तुम्हाला फसवतो आहे. ही जागा प्राध्यापक आपल्या संशोधन निधीतून देतो, तीही बहुधा एकेका वर्षाच्या कराराने. त्या निधीला 2025 पासून कात्री लागली आहे, हेही घरात मोकळेपणाने बोला.

जागा मिळते ती मेलवर. परवा एका मुलाने मला लॅपटॉप दाखवला. एकच मेल दोनशे प्राध्यापकांना गेला होता: "आदरणीय सर, मी मेहनती आहे, मला संधी द्या." उत्तर एकही नाही. मी त्याला विचारलं, तुझं काम काय? म्हणाला, जमिनीत पाणी कसं मुरतं याची समीकरणं संगणकावर सोडवतो. अरे, मग हेच लिही ना! त्या प्राध्यापकाचा कोणता शोधनिबंध वाचलास, त्यातली कोणती अडचण तुझ्या पद्धतीने सुटेल, तुझा कोड गिटहबवर कुठे आहे. पाच-सहा ओळी पुरे. दोनशे नको, पंधराच मेल, पण प्रत्येकामागे दोन दिवसांचं वाचन. शिफारसपत्रं देणाऱ्या तिघांना आधीच विचारून ठेव. गाईडशी अबोला असेल तर तो आधी मिटव.

फुलब्राइट-नेहरू पोस्टडॉक फेलोशिपही आहे. पीएचडीला चार वर्षांहून जास्त झालेली नसावीत, आणि नंतर भारतात परतून दोन वर्षं राहावं लागतं. गणित-संगणकवाल्यांनी मॅथजॉब्स हे संकेतस्थळ आणि ओक रिज, आर्गोन या अमेरिकी राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या जाहिराती पाहाव्यात.

आता पालकांशी. एका वडिलांनी मुलाच्या नावाने स्वतःच मेल पाठवले होते. कृपा करून हे करू नका. आणि "अमेरिकेला गेला नाही तर पीएचडी वाया" हे वाक्य जेवताना पोरासमोर बोलू नका. तीस वर्षांचा मुलगा ताटावरून उठून जातो, हे मी पाहिलं आहे.

अमेरिकेला न जाताही मोठं काम होतं. संगणकशास्त्रज्ञ विजय भटकर 1946 साली अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याला जन्मले. किन्हीराजाही 1998 पर्यंत त्याच जिल्ह्यात होतं. भटकरांची पीएचडी दिल्लीच्या आयआयटीची. अमेरिकेने भारताला महासंगणक नाकारल्यावर 1991 मध्ये पुण्यात परम 8000 उभा राहिला, तो त्यांच्या नेतृत्वाखाली. त्याच पुण्यात आज आयसर, आयुका, एनसीएल आहेत आणि उष्णदेशीय हवामान संस्थेत अर्क महासंगणक पावसाचं गणित सोडवतो. तिथे दोन वर्षं काम करून दोन चांगले निबंध हातात आले, तर अमेरिकेचा अर्ज आजच्यापेक्षा कितीतरी भक्कम होईल. आणि अर्ज करावासाच वाटला नाही, तर तेही त्या मुलालाच ठरवू द्या.

एमएस्सीच्या मुलांनी मात्र आत्ताच नेट-जेआरएफच्या अभ्यासाला लागावं. 2023 पासून जेआरएफला महिन्याला 37,000 रुपये मिळतात. पीएचडीसाठीसुद्धा वावर विकायचं कारण नाही.