नाटक कसे बसवावे?

बालमित्रांनो आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या आई-बाबांनो,

स्पर्धेचे नाटक म्हटले की वर्गात पहिले भांडण होते, "मी कोण होणार?" म्हणून नाटक कसे बसवतात ते आज पाहू.

१८४३ साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हा खेळ केला. तिथून मराठी रंगभूमीची सुरुवात मानतात. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. मुलांसाठी निराळी नाटके पाहिजेत म्हणून सुधा करमरकर यांनी १९५९ साली मुंबईत 'लिटल थिएटर' काढले. आपल्या हिंगोलीला दसऱ्यात रामलीला होते, ते पण नाटकच की!

गोष्ट निवडणे : गोष्ट लांबची नको, आपल्या मातीतली घ्यावी. नर्सी हे संत नामदेवांचे गाव. त्यांचा जन्म १२७० सालचा. ते औंढा नागनाथाला कीर्तन करीत होते, तेव्हा त्यांना देवळापुढून उठवून मागे पाठवले. मग देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका आहे. नंदी देवळाच्या मागे का, ते म्हातारी माणसे याच गोष्टीवरून सांगतात.

पात्रे वाटणे : आता देऊळ स्टेजवर फिरवायचे कसे? पुठ्ठ्याचे देऊळ नको. दहा मुलांनी हातात हात धरून अर्धगोल करावा. टाळ वाजले की हळूहळू वळावे. झाले देऊळ! ज्याला बोलताना अडखळायला होते, त्यालाही यात काम मिळते. ज्या गोष्टीत नामदेवांना मागे ढकलले ते चुकीचे म्हणायचे, त्याच नाटकात आपण कुणाला मागे ढकलायचे काय?

तालीम : १) पाठ करण्याआधी अर्थ समजून घ्यावा. २) शेवटच्या रांगेतल्या आजीला ऐकू गेले पाहिजे. त्यासाठी ओरडू नये, शब्द सुटा बोलावा. ३) प्रेक्षकांकडे पाठ करू नये. ४) दुसरा बोलत असताना त्याचे ऐकावे, उगीच हालचाल करू नये. ५) कुणी विसरला तर हसू नये, पुढचे वाक्य बोलून सांभाळून घ्यावे. ६) घड्याळ लावून तालीम करावी. स्पर्धेत वेळ ठरलेला असतो.

सामान : धोतर, कांबळे, टाळ, तांब्या. हे घरोघरी मिळते. विकत काही आणू नये.

दोघांना एक काम : दसरा-दिवाळीनंतर आपल्याकडची काही घरे ऊसतोडीला जातात. तालीम अर्धी होते आणि नामदेवच गावाला जातो! म्हणून प्रत्येक काम दोन मुलांनी पाठ करावे. पण एवढ्याने भागत नाही. नाटकाला दुसरा नामदेव मिळेल, पण गेलेल्या मुलाचे बुडालेले धडे त्याच्या बदली कोण शिकणार? आई-बाबांनो, जाण्याआधी गुरुजींना किंवा बाईंना भेटा. मुलाला आजीजवळ ठेवता येईल का, हंगामी वसतिगृहाची सोय होईल का, ते विचारा. मूल शाळेत राहिले तर नाटकही पुरे होईल आणि वर्षही.

स्पर्धेत नंबर एकालाच मिळतो. पण चारचौघांत धीटपणे बोलणे आणि दुसऱ्याचे ऐकून घेणे हे सगळ्यांना मिळते. उद्या ग्रामसभेत बोलताना तेच कामी येईल.

तर मग, देऊळ व्हायला कोण कोण तयार आहे? हात वर करा!