विश्वाच्या आरंभापूर्वी काय होते?

नदीच्या काठाने वर वर चालत गेले, म्हणजे शेवटी तिचा उगम सापडतो. कृष्णेचा उगम महाबळेश्वरी सापडतो. गोदावरीचा त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर सापडतो. परंतु तेवढ्याने जिज्ञासू मुलाचे समाधान होत नाही. उगमापूर्वी हे पाणी कोठे होते, असे तो विचारतो. ते पावसात होते, असे सांगावे, तर पावसाच्या आधी कोठे होते? मेघांत. मेघांच्या आधी? समुद्रात. आणि समुद्रच नव्हता तेव्हा? पृथ्वी नव्हती, सूर्य नव्हता, तारे नव्हते, तेव्हा? अशा रीतीने ‘त्याच्या आधी काय?’ हा एकच प्रश्न विचारीत आपण मागे गेलो, तर अखेरीस एका मोठ्या प्रश्नापाशी येऊन थांबतो : हे सारे विश्व अस्तित्वात येण्यापूर्वी काय होते?

मुलांनो, हा प्रश्न फार जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १२९ वे सूक्त ‘नासदीय सूक्त’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात अवघ्या सात ऋचा आहेत. सृष्टीच्या आरंभी काय होते, ती कोठून निर्माण झाली आणि हे खरोखर कोणाला ठाऊक आहे, असे त्यात विचारले आहे. देवसुद्धा सृष्टीनंतरचे, मग ते तरी कसे सांगू शकणार, अशी शंका ऋषीने काढली आहे. विशेष हे, की ह्या सूक्ताचा शेवट उत्तराने होत नाही. तो शंकेनेच होतो.

इसवी सन ४०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरीचे बिशप ऑगस्टीन ह्यांनीही ह्या प्रश्नाचा विचार केला. आकाश व पृथ्वी निर्माण करण्यापूर्वी ईश्वर काय करीत होता, असे लोक विचारीत. ऑगस्टीन ह्यांचे म्हणणे असे, की काळ हाही सृष्टीबरोबरच निर्माण झाला. जेथे काळच नाही, तेथे ‘पूर्वी’ ह्या शब्दाला अर्थ कोठून असणार?

पुढे अनेक शतके हा विषय धर्मचिंतकांचा व तत्त्वज्ञांचाच राहिला. विसाव्या शतकात मात्र तो दुर्बिणीच्या कक्षेत आला. बेल्जियममधील धर्मगुरू आणि शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र ह्यांनी १९२७ साली गणिताच्या आधारे असे मांडले, की विश्व प्रसरण पावत आहे. १९२९ साली अमेरिकेतील एडविन हबल ह्यांनी माउंट विल्सन वेधशाळेतील शंभर इंची दुर्बिणीच्या साहाय्याने केलेली निरीक्षणे प्रसिद्ध केली. दूरदूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जात आहेत आणि जी दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा वेग अधिक, असे त्यांतून दिसून आले. फुग्यावर शाईचे ठिपके काढून तो फुगवावा, म्हणजे प्रत्येक ठिपका दुसऱ्या ठिपक्यापासून दूर जातो. तसाच हा प्रकार आहे.

विश्व आज पसरत असेल, तर भूतकाळात ते अधिक दाट असले पाहिजे, हे उघड आहे. १९३१ साली लमेत्र ह्यांनी सुचविले, की प्रारंभी सर्व विश्व जणू एका ‘आद्य अणू’त सामावलेले होते.

सर्वांनाच हा विचार पटला नाही. १९४८ साली फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड ह्यांनी निराळा सिद्धान्त मांडला. विश्व पसरत असले, तरी त्यात नवे द्रव्य हळूहळू निर्माण होत राहते. म्हणून ते सदासर्वकाळ सारखेच दिसते, असे ते म्हणत. ह्या विश्वाला आरंभच नाही. तेव्हा आरंभापूर्वी काय होते, हा प्रश्नही उरत नाही! प्रतिपक्षाच्या मताला १९४९ साली नभोवाणीवरील एका भाषणात हॉइल ह्यांनीच ‘बिग बँग’ असे नाव दिले. मराठीत आपण त्याला ‘महास्फोट’ म्हणतो. कोल्हापूर येथे १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर हे केंब्रिज येथे ह्याच हॉइल ह्यांचे विद्यार्थी होते.

वादाचा निकाल शब्दांनी लागत नाही. त्याला पुरावा लागतो. तो १९६४ साली अनपेक्षितपणे मिळाला. अमेरिकेतील होल्मडेल येथे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन हे शिंगाच्या आकाराच्या एका प्रचंड अँटेनावर काम करीत होते. अँटेना कोणत्याही दिशेस वळवा, दिवस असो वा रात्र, एक मंद खरखर सतत ऐकू येई. अँटेनात कबुतरांच्या जोडीने मुक्काम केला होता. त्यांना हलविले, त्यांची घाण धुऊन काढली. तरीही खरखर थांबेना. पुढे उलगडा झाला, की ती अतितप्त अशा बाल्यावस्थेतील विश्वाची उरलेली ऊब होती. आज ती निवून उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास आली आहे. ह्या शोधाबद्दल दोघांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्यानंतर बहुतेक शास्त्रज्ञांनी महास्फोटाचा सिद्धान्त स्वीकारला. नारळीकरांनी मात्र आपली शंका सोडली नाही. हॉइल आणि जेफ्री बर्बिज ह्यांच्यासह त्यांनी १९९३ साली जुन्या सिद्धान्ताचे सुधारलेले रूप मांडले. त्यात विश्व आलटून पालटून फुगते व आकसते. त्याला आरंभ नाही. बहुसंख्य शास्त्रज्ञांना हे मत मान्य झाले नाही. नारळीकरांचे २०२५ साली निधन झाले. तथापि विज्ञानात बहुमतापेक्षा पुरावा मोठा. प्रामाणिक विरोधक असला, म्हणजे सिद्धान्त मांडणाऱ्यालाही आपले प्रत्येक पाऊल तपासून टाकावे लागते.

मग आज आपणांस नेमके काय ठाऊक आहे? विश्वाचे प्रसरण सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी एका अत्यंत दाट व तप्त अवस्थेतून सुरू झाले. पहिली सुमारे ३,८०,००० वर्षे प्रकाश त्या तप्त धुक्यात अडकून पडलेला होता. म्हणून त्यापलीकडचे दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणीला दिसत नाही. तेथून मागे आपण गणिताच्या आधाराने जातो आणि पहिल्या सेकंदाच्या अगदी लहान अंशापर्यंत पोचतो. परंतु अगदी पहिल्या क्षणापाशी आइन्स्टाइन ह्यांची १९१५ सालची समीकरणे घनता ‘अनंत’ दाखवू लागतात. समीकरणाचे उत्तर अनंत येऊ लागले, म्हणजे ते समीकरण तेथे पुरे पडत नाही, असे समजावे. तेव्हा महास्फोटाचा सिद्धान्त विश्व कसे वाढले, हे सांगतो. ते शून्यातून निर्माण झाले, असे त्याने सिद्ध केलेले नाही.

त्या क्षणापलीकडे विचारवंतांचे दोन मार्ग आहेत. १९८३ साली स्टीफन हॉकिंग आणि जेम्स हार्टल ह्यांनी असे मांडले, की काळाला कडाच नाही. उत्तर ध्रुवावर उभे राहून ‘येथून आणखी उत्तरेस काय आहे?’ असे विचारावे, तसाच ‘आरंभापूर्वी काय?’ हा प्रश्न ठरेल. ऑगस्टीन ह्यांचाच विचार येथे गणिताच्या वेषात आलेला दिसतो. उलट, रॉजर पेनरोज ह्यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणतात, की आपल्या विश्वापूर्वी दुसरे युग होते आणि त्याच्या अखेरीतूनच आपला आरंभ झाला. दोहोंपैकी एकही मत अद्याप पुराव्याने सिद्ध झालेले नाही.

‘ठाऊक नाही’ हे उत्तर ऐकून कोणाचा हिरमोड होईल. पण अडाणी मनुष्याचे ‘ठाऊक नाही’ आणि शोधकाचे ‘ठाऊक नाही’ ह्यांत फार अंतर आहे. अडाणी मनुष्य तेथे थांबतो. शोधकाला आपण कोठवर आलो आणि पुढची वाट कोठे अडली आहे, हे नेमके माहीत असते. कदाचित ती वाट मोकळी करणारा आज तुमच्याच वर्गात बसलेला असेल.

स्वाध्याय

१. नासदीय सूक्ताचा शेवट कसा होतो?
२. अँटेनातील खरखरीचे खरे कारण कोणते होते?
३. महास्फोटाचा सिद्धान्त काय सांगतो व काय सिद्ध करीत नाही?
४. ‘वादाचा निकाल शब्दांनी लागत नाही, त्याला पुरावा लागतो,’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.